जाडी म्हणजे जाडी

साग या झाडाचा मला वीट आलाय. यात झाडाचा काही दोष नाही, ते बिचारं जागेवर उभं आहे. पण सागाचं रुंद पान नुसतं दिसलं तरी माझ्या जिभेवर एक चव येते, गोड चहात पडलेल्या अळीच्या लेंडीची. ती चव कशी असते असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही, कारण तो घोट मी गिळला की थुंकला याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, गिळला.

मी जालन्यात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि मस्तगडला राहतो. कॉलेजात मला सर म्हणतात, गल्लीत कुणी काहीच म्हणत नाही, आणि नात्यागोत्यात मी ‘प्रोफेसर’ आहे. नात्यातल्या प्रोफेसरचं काम असं की, लग्न निघालं की अमुक माणसांना किती साखर लागेल हे त्याला विचारायचं. त्यानं कागद-पेन घेऊन सांगायचं. सगळ्यांनी मान डोलवायची. मग आचाऱ्याला विचारायचं आणि आचारी म्हणेल तितकी साखर आणायची. या पदावर मी गेली बरीच वर्षं बिनविरोध आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, टेंभुर्णीजवळ दिलेली. तिचा नवरा म्हणजे आमचे दाजी. उंचेपुरे, पोट सुटलेले, पांढरा शर्ट-पायजमा, आवाज असा की शेतातून हाक मारली तर घरातलं मांजर उठतं. त्यांची मोसंबीची बाग आहे. बाग सातबाऱ्यावर दाजींची असली तरी वाढवली अक्कानं. ज्या सालात गावाला प्यायचं पाणी टँकरनं यायचं, त्या सालात दाजींनी बागेला विकतचं पाणी घातलं, हे खरं. पण घरालगतच्या दोन ओळींना ते पाणी पोचायचंच नाही. त्या दोन ओळी अक्कानं धुण्याच्या, आंघोळीच्या, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवल्या. घरात पाहुणा आंघोळीला बसला की ती बाहेरून ओरडायची, “साबण कमी लाव रे, झाडाला जातंय पाणी!” मी त्या घरात कधी मनासारखी आंघोळ केलेली नाही.

तर त्या साली बागेला फळगळ लागली. हिरवी फळं टपाटप खाली पडायची आणि झाडाखाली सडायची. फळमाश्यांचे थवे, आंबूस वास, चप्पल टाकावी तिथं चिखल की मोसंबी कळत नव्हतं. दाजी वैतागले. रोज सकाळी बागेत जायचे आणि एकेका झाडाला शिव्या देऊन परत यायचे. नेमक्या अशा मनःस्थितीत त्यांना सागवान कंपनीचा माणूस भेटला.

त्या माणसाचा कार्यक्रम जालन्याबाहेरच्या एका लॉन्सवर होता. दाजींनी मला फोन केला, “प्रोफेसर, रिकामे असाल तर या जल्दी. माडेल दाखवून राह्यलेत. आमाला काय समजतंय त्यातलं? तुमी बघा अन् सांगा.”

मी गेलो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. साखरेच्या पलीकडचं काहीतरी मला पहिल्यांदाच विचारलं जात होतं.

हॉलमध्ये स्टेजमागं आदल्या लग्नातली नवरानवरीची नावं थर्माकोलमध्ये तशीच होती, त्यांच्यावर कंपनीचा बॅनर बांधला होता, आणि बॅनरच्या वर नवरीच्या नावाची वेलांटी डोकावत होती. कंपनीच्या माणसानं इतकं अत्तर मारलं होतं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ठसका लागत होता. हातात टॅब. टॅबवर जमिनीचा तुकडा दिसायचा. बोटानं ‘वय’ पुढं सरकवलं की त्यातून साग उगवायचा, वर जायचा, जाड व्हायचा, आणि शेवटी एक ट्रक येऊन ओंडके भरून हॉर्न वाजवत निघून जायचा. हॉर्न वाजला की हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. मोठमोठी माणसं, घरात सुना आलेली, त्या ट्रकला टाळ्या वाजवत होती. मला कसंसंच झालं. पण टाळ्या मीही वाजवल्या. शेजारी दाजी होते.

मग त्यानं पडद्यावर गणित लावलं आणि तिथं मी फसलो. ते गणित देखणं होतं.

जंगलाच्या वाढीची एक रेघ असते. पहिली काही वर्षं ती जमिनीलगत रांगते. मग एकदम उठते, दहावीनंतर पोरं उठतात तशी. आणि वय झालं की हळूहळू आडवी होते, माझ्यासारखी. झाडाचं वय, उंची, जाडी, एकरी किती झाडं, जमीन कशी, पाऊस किती, एवढं टाकलं की अमुक वर्षी अमुक टन लाकूड निघेल असं ती रेघ सांगते. हे शास्त्र खोटं नाही. त्याच त्या झाडांपाशी वर्षानुवर्षं जाऊन, त्यांना मापून, माणसांनी ते उभं केलंय. मी स्वतः असल्या रेघा फळ्यावर काढून आयुष्य काढलं. जिला आजवर फक्त मागच्या बाकावरच्या जांभया मिळाल्या, तीच रेघ इथं पडद्यावर आली आणि लोक श्वास रोखून बघत होते. मला भरून आलं.

पावसाच्या रकान्यात त्यांनी ‘सरासरी’ टाकला होता, तेवढं मला खटकलं. सरासरी पाऊस आमच्या जिल्ह्यात कधी पडलेला नाही. एक तर तो बांध फोडून जातो, नाहीतर येतच नाही. पण म्हटलं, असो.

कंपनीच्या माणसानं माईक माझ्यापुढं धरला. “सर, आपण तज्ज्ञ आहात. दोन शब्द.”

मी उठून म्हणालो, “समीकरण बराबर आहे. पण त्यात घातलेले आकडे कुठून आले, कसे मोजले, ते बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”

वाक्य दोन भागांचं होतं. पहिला भाग संपताच टाळ्या पडल्या, आणि दुसरा भाग टाळ्यांत गेला. मी तो पुन्हा म्हणेपर्यंत माझ्या खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ आला होता आणि फोटो निघत होता. माणसाच्या खांद्यावर शाल पडली की त्याला ‘पण’ म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवणात पुऱ्या होत्या. इतक्या तेलकट की पत्रावळीतून तेल खालच्या टेबलावर उतरलं. दाजी चौथ्या पुरीला म्हणाले, “तुमी बराबर म्हनलात, संपला विषय. बाग काढून टाकतो अन् साग लावतो. पावसाळा हातचा जाऊन राह्यला.”

“दाजी, मी अजून आकडे बघायचेत म्हणालो.”

“बघा की! बघायला कोण नको म्हनतंय? तुमी बघा, आमी लावतो.”

दोनच दिवसांत अक्काचा फोन आला. अक्का फोनवर कमी बोलते. तिला वाटतं समोरच्याला ऐकू जात नाही, म्हणून ती ओरडते, आणि ओरडायला लागतं म्हणून थोडक्यात आटपते.

“तू बराबर म्हनलास का?”

“अक्का, मी समीकरण…”

“म्हनलास का न्हाई?”

“म्हणालो. पण…”

“हे बाग काढून राह्यलेत. झाडं उपटायचं मशीन सांगून आलेत.” मग आवाज न चढवता, म्हणजे तिच्या हिशेबानं मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, “मी काही म्हनत न्हाई. खरंच एवढं लाकूड निघत असंल तर काढू दे. न्हाई तर न्हाई. पन खरं काय ते बघून सांग. उगं अंदाजानं नको.”

कंपनीच्या मॉडेलमधले आकडे ‘आपल्याच जिल्ह्यातले’ होते, असं त्या अत्तरवाल्यानं छाती ठोकून सांगितलं होतं. ते पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातल्या एका सागाच्या तुकड्यातून घेतलेले. मी रविवारी तिकडं निघालो. बायकोही निघाली, तिला रेणुकाईची ओटी भरायची होती. देवळात तिनं मला विचारलं, “तुम्ही काय मागितलं?”

“झाडं खरोखर तेवढी असू देत.”

“ते देवीच्या हातात राहिलंय का आता? लावून झाली की ती.”

सागाचा मालक आनंदानं गप्पा मारणारा माणूस होता. कंपनीच्या जाहिरातीत त्याच्या बागेचा फोटो होता म्हणून तो गावात मान ताठ करून चालत होता. त्यानं आम्हाला थेट झाडांमध्ये खुर्च्या टाकून बसवलं आणि चहा मागवला.

आणि पाऊस सुरू झाला, असं मला वाटलं. वरून बारीक टपटप आवाज येत होता. बायकोनं पदर डोक्यावर घेतला. मी वर बघितलं, तर आभाळ निरभ्र. पानं मात्र राहिली नव्हती. पानांच्या जागी जाळ्या होत्या, नुसत्या शिरा, चाळणीसारख्या. त्या चाळण्यांवर अळ्या होत्या. एक-दोन नव्हे, प्रत्येक पानावर, प्रत्येक फांदीवर. त्या खात होत्या आणि खाल्लेलं टाकत होत्या, आणि टाकलेलं आमच्या अंगावर पडत होतं. तो टपटप आवाज त्याचा होता.

“काही न्हाई हो सर,” मालक म्हणाला, “दर पावसाळ्यात येतेत. पुन्हा पाला फुटतो.”

माझ्या कपात काळं काहीतरी तरंगत होतं, ते मी चहाची पूड समजलो. पुढचं सांगून झालंय.

बायको उठून दूर उन्हात जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “अहो, लवकर मोजा, नि चला.” मी शर्ट झटकला, बुंध्याशी नव्यानं फुटलेल्या एका कोवळ्या पानानं हात पुसला आणि हात लालभडक झाला. सागाचं कोवळं पान चुरलं की लाल रंग सुटतो, हे मला लहानपणी माहीत होतं. आम्ही त्यानं ओठ रंगवायचो. पन्नाशीच्या आसपास ते विसरायला होतं. लाल हात, काळे ठिपके पडलेला शर्ट. बायकोच्या चेहऱ्यावर मी कसा दिसत होतो ते स्पष्ट वाचता आलं.

“झाडं कशी मोजली तुम्ही?” मी मालकाला विचारलं.

“सोपंय की. ह्या बघा.” त्यानं खिशातून टेप काढला, छातीएवढ्या उंचीवर बुंध्याभोवती गुंडाळला आणि वाचला. “पंचेचाळीस. म्हंजी जाडी पंचेचाळीस सेंटीमीटर. ते टॅबवर ‘जाडी’ विचारतेत ना, तिथं टाकायचं.”

मी त्या बुंध्याकडं बघितलं. तो माझ्या मांडीपेक्षाही बारीक होता. ज्याची जाडी पंचेचाळीस सेंटीमीटर असेल ते झाड खुर्चीच्या बैठकीएवढं रुंद असायला पाहिजे. हे झाड एका हातानं कवळता येत होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तसा तो विझावा असंही वाटलं.

आपल्याकडं ‘जाडी’ या शब्दाला बंधन नाही. बुंध्याला दोरी गुंडाळली तर दोरी सांगते ती जाडी. ओंडका कापला तर त्याचं तोंड दिसतं ती जाडी. घेरही जाडी, व्यासही जाडी. बोलताना कुणाचं काही अडत नाही. पण त्या देखण्या समीकरणाला व्यास हवा होता. बुंधा आरपार किती रुंद, ते. आणि त्याला मिळत होता घेर, जो व्यासाच्या तिपटीहून जास्त असतो. वर समीकरण काय करतं, तर त्या आकड्याचा वर्ग करतं. तिपटीचा वर्ग केला की नवाच्या पुढं जातो, दहाजवळ. म्हणजे त्या टॅबच्या पडद्यावर दिसणाऱ्या दर दहा ओंडक्यांतले नऊ फक्त ‘जाडी’ या शब्दातून उगवले होते. त्या नऊ ओंडक्यांवर ट्रकनं हॉर्न वाजवला होता. आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मी हसायला लागलो. मालकाला वाटलं मी खूश झालो. तो म्हणाला, “बघा! म्हनलं न्हवतं?” तेव्हा मी हसायचा थांबलो.

देवळाजवळ येऊन मी अत्तरवाल्याला फोन लावला. नीट, सावकाश समजावून सांगितलं. एखाद्या मठ्ठ विद्यार्थ्याला सांगतो तसं न रागावता. ऐकून घेऊन तो म्हणाला, “सर, जाडी म्हणजे जाडी.”

“अहो, घेर वेगळा, व्यास वेगळा.”

“सर, शेतकऱ्याला व्यास म्हटलं की समजत नाही. म्हणून आम्ही सोपं करून ‘जाडी’ लिहिलं. आपल्या मायबोलीत.”

“पण उत्तर दहापट येतंय!”

“सर, आतापर्यंत एकाही शेतकऱ्याची तक्रार नाही.”

“झाडं तोडायच्या वयाचीच कुणाची झाली नाहीत अजून!”

“तेच म्हणतोय सर,” तो अतिशय गोड आवाजात म्हणाला, “तक्रार नाही.” आणि मग, “सर, आपण आमचे तांत्रिक सल्लागार का होत नाही? आपल्यासारखी बारकाईनं बघणारी माणसं आम्हाला हवीच आहेत.”

मी फोन ठेवला. त्याच्या अत्तराचा वास फोनमधून आला, अशी मी शपथ घ्यायला तयार आहे. मला राग आला असता तर बरं झालं असतं, राग आला की माणूस मोठ्यानं बोलतो आणि मोकळा होतो. मला शिसारी आली. चोर पकडला तर तो निदान पळतो तरी. हा पळत नव्हता, खुर्ची पुढं करत होता.

बायको म्हणाली, “इथं उभं राहून तोंड काय वाकडं करताय? अक्कांकडं चला आधी.”

दाजींना फोन लागेना. अक्काला लावला, तर तिच्या आवाजामागं घरघर ऐकू आली, आणि ती एवढंच ओरडली, “मशीन आलंय!”

आम्ही पोचलो तेव्हा घरालगतच्या दोन ओळी गेल्या होत्या.

रस्ता त्या बाजूनं होता, म्हणून मशीननं तिथून सुरुवात केली होती. एवढंच त्यामागचं कारण. झाडं मुळासकट आडवी पडली होती, मुळं वर आलेली, मातीची ढेकळं लटकत असलेली. फांद्यांवर हिरवी मोसंबी तशीच होती. गळून सडलेली नव्हे, न गळालेली, चांगली. मशीनच्या पट्ट्याखाली ती फुटत होती आणि सगळ्या हवेत सालीचा कडवट-गोड वास होता. एरवी त्या वासानं तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी मी नाकाला रुमाल लावला. 

अक्का ओसरीवर उभी होती. रडत नव्हती, काही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “बघितलंस?”

“बघितलं. न्हाई निघत, अक्का. दहावा हिस्साही निघेल का, सांगता येत न्हाई.”

ती वळून आत गेली.

मी दाजींकडं गेलो आणि मशीनच्या आवाजावर ओरडून घेर, व्यास, वर्ग, सगळं सांगितलं. मी शिकवण्यात चांगला नाही, ओरडून शिकवण्यात त्याहून वाईट. दाजी ऐकत होते. चालकाला जरा आवाज कमी कर म्हणाले, आणि मला म्हणाले, “मला एक सांगा प्रोफेसर. समीकरन बराबर हाय का न्हाई?”

“समीकरण बराबर आहे.”

“मंग?”

मी पुन्हा घेरापासून सुरुवात केली. दाजी पुढं म्हणाले, “चार गावात सांगून बसलोय, आमच्या प्रोफेसरनं बराबर म्हनलंय म्हनून. शाल घेतानी न्हाई कळलं तुमाला? आता अर्धं काम झाल्यावर आलात घेर अन् व्यास करीत! जाडी म्हंजी जाडी, हो!”

त्या अत्तरवाल्याचंच वाक्य दाजींच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी सरळ घरात गेलो, अक्काच्या शिलाई मशीनच्या खणातून कापडी टेप काढला आणि बाहेर येऊन दाजींच्या पोटाभोवती घातला. मेहुण्यानं दाजींच्या पोटाला टेप लावायचा नसतो, हे मलाही कळत होतं. पण वेळ तशी होती.

“हे काय चाललंय?”

“तुमची जाडी मोजतोय. ही बघा, चव्वेचाळीस इंच. बराबर?”

“शिंप्याला माहीत हाय ते. त्यात काय?”

“जाडी म्हणजे जाडी ना?” मी टेप तसाच चव्वेचाळीसवर धरून ओसरीच्या दाराशी गेलो आणि चौकटीवर आडवा ताणला. छत्तीसला चौकट संपली. उरलेला टेप बाहेर लोंबत राहिला. “कंपनीच्या मॉडेलात तुम्ही एवढे रुंद आहात, दाजी. या दारातून आत जाऊच शकत न्हाई. मग इतकी वर्षं या घरात राहतंय कोण?”

मशीनचा चालक फस्सकन हसला. माझी बायको पदर तोंडाला लावून वळली. दाजी दाराकडं बघत होते, मग स्वतःच्या पोटाकडं, मग पुन्हा दाराकडं. त्यांना समजत होतं, हे मला त्यांच्या कानांवरून कळत होतं. दाजींना एखादी गोष्ट पटली की आधी कान लाल होतात.

आतून अक्काचा आवाज आला, “तरी मी म्हनते, पलंगावर मला जागा कशी पुरायली!”

आता बायकोला हसू आवरेना. दाजींनी टेप माझ्या हातातून ओढून घेतला, त्याची घडी केली, खिशात घातला. तो टेप आजतागायत अक्काला परत मिळालेला नाही. मग ते चालकाकडं वळून गरजले, “हसतो काय? बंद कर ती मशीन!”

बाग वाचली, दोन ओळी सोडून. दाजी त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बायकोशी बोलायचे, आणि तिला सांगायचे, “ह्यांना सांगा.” कंपनीकडून आधी नोंदवलेली थोडी रोपं आली होती, ती त्यांनी हट्टानं बांधावर लावली. टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि चुकलो म्हणणं तर नाहीच. पुढच्या पावसाळ्यात अळ्या त्यांनाही शोधत आल्या. आता दाजी मधूनमधून मला फोनवर त्या रोपांचे फोटो पाठवतात. खाली एवढंच लिहिलेलं असतं : ‘जाडी वाढली.’ मी विचारतो, ‘घेर की व्यास?’ ते अंगठा पाठवतात.

कंपनीची पुढची खबर भोकरदनकडच्या एका नातेवाइकाकडून लागली. त्यानं मला त्यांचं पत्रक पाठवलं. शाल पांघरलेला मी, हातात नारळ, चेहऱ्यावर निवडून आल्याचं हसू. खाली छापलेलं : ‘जालन्याच्या तज्ज्ञ प्राध्यापकांनी समीकरण बरोबर असल्याचे सांगितले.’ मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटली. खोटं असतं तर धुऊन तरी काढता आलं असतं. मी कळवलं, लेखी कळवलं, जाऊन भांडून आलो. त्यांनी माझा फोटो काढून टाकला. वाक्य ठेवलं. नारळाचा फोटोही ठेवला.

परवा दिवाळीला आम्ही अक्काकडं गेलो होतो. आंघोळीला बसलो तर बाहेरून ओरडा आला नाही. मी साबण मनसोक्त लावला, आणि अर्ध्यात मला कळलं की आता ते पाणी कुणालाच जात नाही. घरालगत नुसती मोकळी जमीन आहे. उरलेली आंघोळ मग कशीबशी उरकली.

जेवण झाल्यावर अक्का मला मागं घेऊन गेली. त्या दोन ओळींची जागा तिनं नांगरून, सपाट करून ठेवली होती. खड्ड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या, मातीचा रंग तेवढा वेगळा. पलीकडं उरलेली बाग उभी होती, आणि या साली तिला फळही होतं. 

“कवापासून विचारायचं म्हनते तुला,” अक्का म्हणाली. “हितं काय लावावं? तुझ्या गणितानं सांग.”

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. मोसंबी पुन्हा लावली तर फळावर यायला किती दिवस, अंतर किती, जमीन कशी. रेघ डोळ्यांपुढं आलीसुद्धा, रांगत, मग उठत. मी खाली वाकून मातीचं एक ढेकूळ उचललं, फोडलं, हात झटकले आणि गप्प बसलो.

अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि घराकडं वळताना म्हणाली, “आता कसं बराबर बोललास.”